अकरा मिनिटांचा दरवाजा

सिरिल टेबट मला पहिल्यांदा भेटला तो मला झापायलाच. माझा नवरा जाऊन वर्ष झालं होतं, घर विकून मी एक जुनी बोट घेतली होती आणि ती एकटीने नदीवरून वर आणत होते. हॉब्ज लॉकमधून, म्हणजे बोटीला नदीची पायरी चढवणाऱ्या दोन्हीकडे दारं असलेल्या हौदातून, वर निघाले आणि जमलं बुवा एकदाचं म्हणून स्वतःवर खूश होऊन अर्धा मैल पुढे आले, तर काठावरून एक काटकुळा माणूस सायकल दामटत माझ्या बरोबरीने येताना दिसला. त्याने विचारलं, "बाई, घरातून निघताना तुम्ही दार असंच टाकून जाता का?"

मी म्हटलं, वरची दारं मी नीट लावून घेतली आहेत. तो म्हणाला, वरची नाही, खालचा दरवाजा. मला बोट बांधायला लावून त्याने अर्धा मैल मागे चालवत नेलं, आणि मी चाक फिरवत असताना हात मागे बांधून शेजारी उभा राहिला. दीडशे फेरे. मदतीला बोट लावलं नाही. शेवटचा खटका पडल्यावर म्हणाला, आता चहा घ्यायला या, माझी बायको वाट बघत असेल.

ही आमची नेन नदी म्हणजे तशी विक्षिप्तच. लॉकच्या वरच्या अंगाला दोन लाकडी दारं, पण खालच्या अंगाला एकच पोलादी दरवाजा, चाक फिरवून सरळ वर उचलायचा. आणि नियम असा, की लॉक सोडून जाताना तो वर उचललेलाच ठेवायचा. खाली जाणाऱ्याला त्रास नसतो, दरवाजा वर गेल्याशिवाय त्याची बोट बाहेरच पडत नाही. वर जाणाऱ्याची मात्र हजामत होते. बोट वर काढून बांधा, लाकडी दारं लावा, झडपा पाडा, मग परत खाली जाऊन पोलादी दरवाजा आधी वीतभर उचलून पाणी सोडा, आणि मग पुरा वर घ्या. सुट्टीला आलेली मंडळी हे टाळून पळतात. एका पावसाळी वर्षी कोणीतरी असाच दरवाजा खाली ठेवून गेलं, रात्रीत पाणी चढलं, वरच्या दारांवरून आलेल्या त्या पाण्याला लॉकमधून वाट मिळेना, आणि वरच्या दोन घरांत गुडघाभर चिखल झाला. त्यातलं एक घर सिरिलच्या आत्याचं होतं. तेव्हापासून या पट्ट्यातल्या दरवाजांचा तो बिनपगारी मालक झाला.

तो मूळचा चामडं कापणारा. बुटांच्या कारखान्यात चाळीस वर्षं त्याने एका सुरीने कातडी कापली. कातड्याचा तुकडा वाया जाऊ द्यायचा नाही, सुरी एकदा टेकली की उचलायची नाही, ही त्याच्या हातांची शिस्त. त्याची बायको ईनिड त्याच कारखान्यात वरच्या मजल्यावर शिलाईला. कारखाना बंद पडला तेव्हा दोघांनी बोट घेतली आणि जुन्या पडीक गिरणीच्या खालच्या वळणावर बांधली. मूलबाळ नव्हतं. मी बोट वळवून परत खाली आणली आणि त्यांच्या पुढ्यात बांधली ती कायमचीच, आणि पुढची नऊ वर्षं दर रविवारी ईनिडच्या हातचं जेवले. आमच्याकडे डुकराची तंगडी नि बटाटे, भांड्याच्या कडेने मळलेलं पीठ लावून भाजतात, त्यात तिचा हात धरणारी बाई मी पाहिली नाही.

ती सिरिलची फिरकी घ्यायची आणि त्याला कळायचंही नाही. तो दरवाजा उचलताना फेरे मोठ्याने मोजायचा. ती सुकाणूवर बसून मधेच म्हणायची, "अरे, ऐंशी झाले की नव्वद?" आणि तो मोजणीत घोळ घालायचा. पण तेवढंच. कोणी दरवाजा खाली ठेवून गेलं, तर हीच बाई स्वेटर चढवून त्याच्याबरोबर मागे चालत जायची. एकदा मी तिला विचारलं होतं, कंटाळा नाही येत का गं याच्या या वेडाचा? ती म्हणाली, इतर बायकांचे नवरे दारूच्या गुत्त्यात सापडतात, माझा लॉकवर सापडतो, शोधायला सोपा जातो.

त्या नोव्हेंबरात आठवडाभर पाऊस लागला. नदी तपकिरी झाली आणि कुरणं पाण्याखाली गेली. आमच्या वळणापासून रस्त्याकडे जाणारी गाडीवाट सोमवारीच बुडाली. असं दर दोन-तीन वर्षांनी होतं, आम्ही पीठ, बटाटे आणि कोळसा भरून ठेवतो आणि पाणी उतरायची वाट बघतो. कोणाला त्याचं काही वाटत नाही.

बुधवारी पावणेबाराला सिरिलने माझ्या बोटीच्या छतावर मूठ आपटली. मी बाहेर आले तर त्याच्या सदऱ्याचा पुढचा भाग लाल होता. मला वाटलं त्यालाच लागलंय. तो म्हणाला, "ईनिडला रक्ताची उलटी झालीय. दोनदा."

शिलाईने तिच्या बोटांची पार वाट लावली होती, त्या दुखण्यावर ती वर्षानुवर्षं गोळ्या खायची, कधी चार, कधी आठ. पोटात आठ दिवस दुखत होतं, हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं. मी आत गेले तर ती बाकावर कुशीवर पडली होती, चेहरा मेणासारखा, आणि पायाशी बादली. बादलीत मी एकदा पाहिलं आणि परत पाहिलं नाही. मला बघून ती म्हणाली, "मेव्हिस, चुलीवर शेंगांचं सूप आहे, करपेल बघ." मी भांडं खाली उतरवलं.

फोन कुठून करायचा, हा पहिला प्रश्न. सगळ्यात जवळचा फोन कुरणापलीकडच्या शेतघरात, आणि कुरणावर कमरेएवढं पाणी वाहत होतं, मधे दोन चर, ते कुठे आहेत हे दिसत नव्हतं. सिरिल तेवढ्यात जाऊन पाहून आला, छातीपर्यंत भिजून. नदीने खाली गेलो असतो तर दोन मैलांवर गाव होतं, पाण्याच्या ओढीने अर्ध्या तासात पोचलो असतो. पण पाणी इतकं चढलं होतं की खालच्या दगडी पुलाच्या कमानीतून बोट गेली नसती. छतच अडकलं असतं. राहिला वरचा मार्ग, प्रवाहाच्या विरुद्ध साडेतीन मैल आणि तीन लॉकं, हॉब्ज, मधलं आणि माल्टिंग्ज. मग शहराचा पूल, पुलापाशी फोन, आणि रुग्णवाहिका येईल असा रस्ता. नदीखात्याची माणसं पूर आला की लॉकं बंद करून साखळ्या घालतात, ती अजून आमच्या पट्ट्यात आली नव्हती. एवढंच आमचं नशीब.

बाराला आम्ही त्यांच्याच बोटीने निघालो. मी सुकाणूवर, सिरिल पुढे दोर नि बांबू घेऊन, ईनिड माझ्या पायांशीच, मागच्या दारातून आत उतरलं की लागतो त्या बाकावर, तीन गोधड्या आणि गरम पाण्याची पिशवी घेऊन. दार उघडंच ठेवलं होतं. मला ती दिसत होती आणि तिला माझे बूट.

इंजिन पुऱ्या ताकदीवर ठेवलं तरी बोट चालणाऱ्या माणसाच्याही मागे पडत होती. काठावरचं एक वाळकं झाड कितीतरी वेळ माझ्या शेजारून हलायला तयार नव्हतं. मला आयुष्यात कोणाला शिव्या द्यायची सवय नाही, पण त्या झाडाला मी दिल्या.

हॉब्ज लॉकशी पोचायला पाऊण तास लागला. लॉकच्या शेजारीच बंधारा असतो, सगळी नदी त्याच्यावरून कोसळते, आणि खाली त्या पाण्याचा भोवरा बोटीचं तोंड आडवं करतो. दोनदा मी भिंतीवर आपटले. तिसऱ्यांदा आत शिरले. दरवाजा वर होता, नियमाप्रमाणे. त्याच्याखालून जाताना थंड पाण्याच्या धारा पाठीवर पडल्या आणि मी ईनिडच्या अंगावर वाकून त्या माझ्यावर घेतल्या. सिरिलने दरवाजा खाली आणला, झडपा उघडल्या, पाणी भरलं, वरची दारं ढकलली. मी बोट बाहेर काढून वरच्या धक्क्याला लावली.

इथे खरी भीती. वरचा धक्का आणि बंधारा यांच्यात वीस पावलांचं अंतर आणि सगळं पाणी तिकडेच ओढत होतं. मी दोराचे दोन वेढे खुंटाला घातले, इंजिन पुढच्या गिअरमध्ये ठेवलं आणि दोर दोन्ही हातांनी धरून बसले. बोटीचं नाक बंधाऱ्याकडे वळायला बघत होतं. माझं सगळं लक्ष त्या नाकावर. मागे साखळीचा आवाज चालू होता, खट, खट, खट, आणि तो मला ऐकू येत होता, पण नदीवर राहणाऱ्या माणसाला तो आवाज ऐकू येणं आणि न येणं सारखंच. सिरिल परत आला, दोर सोडला, आम्ही निघालो. आम्ही तिथे किती थांबलो, हे माझ्या मनातही आलं नाही.

पुढच्या पल्ल्यात ईनिडला तिसरी उलटी झाली. सिरिल पुढून धावत आला, तिचं तोंड पुसलं, आणि तिच्याशी असा बोलायला लागला जसा मी त्याला कधी बोलताना ऐकला नव्हता. पोचलोच आपण, अगदी आलंच, तू फक्त जागी राहा. ती म्हणाली, "पाहुणे येणार असल्यासारखा काय धावतोयस. खाली बस जरा." तो बसला नाही. परत पुढे गेला आणि बांबू हातात घेऊन उभा राहिला. पाणी इतकं खोल होतं की बांबूचा काही उपयोग नव्हता, पण तो धरूनच होता.

मी देव मानणारी नाही. त्या दिवशी मात्र मी देवाला काय काय कबूल केलं, ते मला इथे लिहायची लाज वाटते.

मधल्या लॉकवर पाणी जास्त खवळलेलं होतं. वर येऊन मी धक्क्याला लागले, तेवढ्यात वरून वाहत आलेला एक ओंडका नाकावर आदळला आणि बोट सुटली. दोर माझ्या हातातून सळसळत गेला, तळव्यांची सालं निघाली. बोट आडवी होऊन बंधाऱ्याच्या दिशेने घसरायला लागली. तिथे नदीखात्याने लोखंडी पिंपं साखळीने बांधून आडवी सोडलेली असतात, ती नसती तर हे सांगायला मी उरले नसते. बोट पिंपांना टेकली, मी इंजिनाचा जीव काढला आणि इंच इंच करत तिला परत धक्क्याशी आणलं. वेढे घातले. खाली पाहिलं तर ईनिड माझ्याकडे बघत होती. तिने विचारलं, "सगळं ठीक आहे ना?" बाजारातून काही आणायचं विसरलं का, असं विचारल्यासारखं.

मी मागे वळून सिरिल कुठे राहिला म्हणून पाहिलं. तो खालच्या टोकाला होता. चाक फिरवत होता.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हा दरवाजा उचलतोय. बायको इथे रक्त ओकतेय, बोट आत्ता बंधाऱ्यावरून जाणार होती, आणि हा मागे उभा राहून नियमाप्रमाणे दरवाजा वर घेतोय. त्याने तो हॉब्जवरही घेतला होता, मी ऐकलं होतं, आणि मला काही वाटलं नव्हतं. त्याची पाठ मला दिसत होती, एका लयीत हलणारी. ओठ हलत होते. तो मोजत होता. त्याला काही कळत होतं असं मला वाटत नाही. त्याचे हात तेवढे काम करत होते.

मी हाक मारायला तोंड उघडलं. तेवढ्यात माझ्या घोट्यावर हात पडला, बर्फासारखा.

"राहू दे," ईनिड म्हणाली. "हाक मारू नकोस त्याला."

मी म्हटलं, अगं, वेळ जातोय, दरवाजा पूर्ण वर यायला अजून कितीतरी वेळ लागेल.

"अकरा मिनिटं," ती म्हणाली. "त्याला नेहमी अकरा लागतात. करू दे. तसाच टाकून आला तर त्याचा जीव मागेच राहील. आणि हात थांबले ना त्याचे, की तो रडायला लागेल. मला ते बघवायचं नाही, मेव्हिस."

तिने पुन्हा एकदा राहू दे म्हटलं आणि डोळे मिटले. मी तोंड मिटलं. मी तिला नाही म्हणू शकले नाही, हे खरं. पण आणखी एक खरं आहे, की मलाही मनातून वाटलं, अकरा मिनिटांनी काय होतंय. एवढा वेळ गेला, त्यात अकरा मिनिटं.

तो परत आला तेव्हा घामाने निथळत होता आणि त्याने विचारलं, कशी आहे? मी म्हटलं, आहे.

माल्टिंग्जच्या लॉकपर्यंत ती बोलायची थांबली. मी वाकून हाक मारली की पापण्या हलायच्या. ओठ पांढरे झाले होते. आम्ही वर आलो, मी धक्क्याला लागले, आणि सिरिलने दारं लावली, झडपा पाडल्या, आणि तो खाली चाकाकडे चालत गेला. मी त्याला जाताना पाहिलं. या वेळी घोट्यावर हात नव्हता. या वेळी मला कोणी थांबवलं नव्हतं. पण तिने दोनदा सांगितलंय, मी ऐकलंय, असं मी मनाशी म्हटलं आणि गप्प बसले. खट, खट, खट. मी फेरे मोजले. दीडशेच्या दीडशे.

शहराचा पूल दिसला तेव्हा दिवे लागायला लागले होते. एका कुत्र्याला फिरवणाऱ्या पोराला मी ओरडून फोन करायला पिटाळलं. रुग्णवाहिका तशी लवकर आली. ईनिडला उचलताना तिचा हात गोधडीतून बाहेर लोंबला आणि सिरिलने तो परत आत ठेवला, नीट, बोटं सरळ करून, एरवी जी सरळ होतच नसत.

हॉस्पिटलात तिला चार बाटल्या रक्त दिलं. ऑपरेशनच्या टेबलावर घेतलं, आणि ती तिथेच गेली. सहाला पाच कमी होते.

डॉक्टर मुलगीच होती, तिशीही गाठली नसेल. तिला काहीतरी बरं बोलायचं होतं. ती म्हणाली, आम्ही खूप प्रयत्न केला, तुम्ही लोकांनीही केलात, पण रक्त फार गेलं होतं. अर्धा तास आधी हाती लागली असती तर कदाचित. मग तिच्याच लक्षात आलं की हे बोलायला नको होतं, आणि ती आणखी काहीतरी बोलून निघून गेली. तिचा राग धरण्यात अर्थ नाही. खरं तेच बोलली.

आम्ही त्या लांबलचक व्हरांड्यात खुर्च्यांवर बसलो होतो. सिरिल स्वतःच्या तळव्यांकडे बघत होता. चाकाच्या दांड्याने दोन्ही तळव्यांवर ताजे फोड आले होते. मग तो स्वतःशीच म्हणाला, "अकरा त्रिक तेहेतीस."

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याला तेव्हा कळलं होतं. अगदी तेव्हा. माणसाच्या चेहऱ्यावर एखादी गोष्ट उतरताना मी पुन्हा कधी पाहिली नाही आणि पाहायचीही नाही. मी त्याचा दंड धरला, तो त्याने सोडवून घेतला नाही, पण तो माझ्या हातात आहे हेही त्याला माहीत नव्हतं.

त्यानंतरचा हिवाळा कसा गेला हे काय सांगू. पाणी उतरलं, आम्ही बोट परत खाली आणली. येताना लॉकं मी चालवली, तो नुसता सुकाणूला टेकून उभा राहिला. चाकाला त्याने हात लावला नाही. जानेवारीपर्यंत त्याच्या धुराड्यातून धूर दिसायचा बंद झाला. मी कोळसा नेऊन दिला की घ्यायचा, पेटवायचा नाही. मी जेवण नेलं की दुसऱ्या दिवशी ताट तसंच झाकलेलं. रोज सकाळी तो काठाकाठाने हॉब्जला चालत जायचा आणि बंधाऱ्याच्या कठड्याशी उभा राहायचा. मी अंतर ठेवून मागे जायचे. दोन तास, तीन तास. पायांना मुंग्या यायच्या. कोणत्या दिवशी तो कठड्यावरून पलीकडे पाय टाकेल या धास्तीने माझी झोप उडाली.

त्याला आत काय खातंय हे मला माहीत होतं, आणि त्यावरचं औषध माझ्याकडे आहे असं मला वाटत होतं. ईनिडने स्वतः सांगितलं होतं. तिला कळत होतं, आणि तिने त्याला माफ, माफ कसलं, तिने त्याला मोकळं सोडलं होतं. हे जर त्याला कळलं तर तो निदान चूल पेटवेल. मग मी हे इतके दिवस का सांगत नव्हते? कारण ते सांगताना माझं गप्प बसणंही बाहेर निघणार होतं. एवढं सोपं आहे ते. मी तीन महिने त्याच्या मागे चालले आणि तोंड उघडलं नाही, कारण मला माझी भीती वाटत होती.

फेब्रुवारीच्या शेवटी एका सकाळी तो कठड्याच्या पलीकडच्या बाजूला उभा दिसला. एका हाताने खांब धरलेला. मी धावले. पोचले तेव्हा तो स्वतःच आत आला होता आणि कठड्यावर बसला होता, बूट ओले. मी त्याच्या शेजारी बसले आणि धापा टाकत सगळं सांगितलं. मधल्या लॉकवर मी हाक मारणार होते. तिने माझा पाय धरला. ती म्हणाली, करू दे त्याला. ती म्हणाली, हात थांबले की तो रडेल. शब्द न् शब्द सांगितला, तिच्या आवाजात सांगायचा प्रयत्न केला, आणि शेवटी म्हटलं, "तिला सगळं कळत होतं, सिरिल. तुझ्यावर तिचा काडीचा राग नव्हता."

तो ऐकत होता. बंधाऱ्याचा आवाज इतका होता की मला वाटलं अर्धं त्याला ऐकू गेलं नाही. पण गेलं होतं.

"म्हणजे ती शुद्धीवर होती तेव्हा," तो म्हणाला.

मी म्हटलं, पूर्ण.

"आणि माल्टिंग्जला?"

मी सांगितलं, तिथे ती बोलत नव्हती. तिथे मी एकटीच होते.

त्याने मान हलवली, दोन-तीनदा. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, तीन महिन्यांत पहिल्यांदा, आणि मला क्षणभर वाटलं की सुटला हा, सुटलो आम्ही. मग त्याने माझ्याकडे तोंड वळवलं. आवाज चढवला नाही. एखाद्या खुळ्याला समजावून सांगावं तसं म्हणाला, "ती माझी बायको होती, मेव्हिस. ती तसंच म्हणणार. तू हाक मारायला हवी होतीस."

तो उठला आणि बोटीकडे चालायला लागला. त्या दुपारी त्याच्या धुराड्यातून धूर निघाला. रात्रीही निघत होता. त्याने चूल पेटवली होती, तो जेवू लागला, आणि मार्चमध्ये एका सुट्टीवाल्याला त्याने मागे चालत नेऊन दरवाजा उचलायला लावला, हे मी काठावरून लांबून पाहिलं.

माझ्याशी तो नीट वागतो. सकाळी दिसलो की मान हलवतो. माझ्याकडे बघत मात्र नाही. मी त्याच्या पुढ्यात अजून बोट बांधून आहे.